सेकंदाला एकशे चाळीस टन

चौफुल्याहून न्हावऱ्याकडे जाणारा रस्ता एप्रिलच्या भर दुपारी कुणी हौसेनं धरत नाही. केडगाव मागं पडतं, पारगावला भीमेचा पूल लागतो. तोवर दोन्ही अंगांना ऊस असतो, काचा खाली केल्या तर गारवाही लागतो. नदी ओलांडून पुढं गेलं की ऊस तुटक तुटक होत जातो आणि नांगरून टाकलेली काळी रानं, मुरमाड माळ, मधूनच एखादी बाभळ असा शिरूरचा कोरडा मुलूख सुरू होतो. याच पट्ट्यात एकदा वावटळीनं गाडी थांबवायला लावली. पाचट, धूळ आणि एक निळी प्लास्टिकची पिशवी असा सगळा ऐवज गरगरत रस्ता ओलांडून गेला. धूळ विजेच्या खांबाच्या वर जाऊन विरली. पिशवी मात्र चढतच राहिली. तिच्याही वर दोन घारी पंख न हलवता गोल फिरत होत्या, आणि प्रत्येक फेरीला लहान दिसत चालल्या होत्या.

त्या पिशवीला आणि घारींना वर नेणाऱ्या हवेचं वजन किती असेल? प्रश्न पोरकट आहे, पण हिशेब शाळकरी गणितात बसतो. तापलेल्या रानावरून उठणाऱ्या गरम हवेच्या अशा स्तंभाला ग्लायडर उडवणारे ‘थर्मल’ म्हणतात. मध्यम थर्मलची रुंदी ३०० मीटर आणि वेग सेकंदाला दोन मीटर धरू. म्हणजे माणूस जिना चढतो त्याच्या चौपट-पाचपट, फार काही नाही. वर्तुळाचं क्षेत्रफळ झालं साधारण ७०,००० चौरस मीटर. दर सेकंदाला १,४०,००० घनमीटर हवा वर सरकते. दीड किलोमीटर उंचीवर घनमीटरभर हवा जवळपास एक किलो भरते. म्हणजे सेकंदाला १४० टन. दिवसाला पाच हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याच्या गव्हाणीत चोवीस तासांत जेवढं वजन पडतं, तेवढं हा एक थर्मल छत्तीस सेकंदांत उचलतो. आवाज नाही, धूर नाही आणि खाली रस्त्यावरच्या माणसाला पत्ता नाही.

या १४० टनांच्या उपशात अर्ध्या टनाचा ग्लायडर शिरला तर हवेला कळणारही नाही. शिकवायला जगभर वापरला जाणारा, झेक बनावटीचा सुपर ब्लॅनिक घ्या: पंखांची लांबी १६.२ मीटर, दोन माणसांसकट कमाल वजन ५१० किलो, इंजिन शून्य. स्थिर हवेत तो एक किलोमीटर खाली येईपर्यंत २८ किलोमीटर पुढं जातो आणि अगदी सावकाश उतरायचं म्हटलं तरी सेकंदाला ८२ सेंटिमीटर खाली येतोच. विंचच्या तारेनं ओढून ३०० मीटरवर सोडला आणि थर्मल मिळाला नाही, तर सहा मिनिटांत चाक जमिनीला. मिळाला तर दुपार त्याची.

पुणेकरांना ‘ग्लायडिंग सेंटर’ म्हटलं की हडपसर आठवतं. केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं हे केंद्र, दौंडकडे जाणाऱ्या सोलापूर रस्त्याच्या अंगाला. इथं एक गंमत सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. नागरी विमान खात्याच्या तांत्रिक केंद्रानं १९५८ पासून स्वतः ग्लायडर बनवले. त्यांची नावं: अश्विनी, रोहिणी, कार्तिक, मृगशीर, भरणी, आर्द्रा. म्हणजे पहिली सहा नक्षत्रं, कृत्तिकेचा तेवढा कार्तिक झालेला. शिरूरचा शेतकरी पावसाचा अंदाज ज्या नावांनी बांधतो, त्याच नावांची लाकडी पाखरं सरकारनं आभाळात सोडली होती. नावं ठेवणाऱ्याच्या मनात पंचांग असेल, पण आभाळ आधी वाचायचं आणि मग काय ते करायचं, हा धंदा दोघांचा एकच.

वाचायचं म्हणजे नेमकं काय, ते पाहण्याआधी भट्टी किती मोठी आहे ते बघू. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके मिळून अंदाजे २,८०० चौरस किलोमीटर. एप्रिलच्या मध्यान्ही आडव्या जमिनीवर चौरस मीटरला हजार वॉटच्या आसपास ऊन पडतं. गुणाकार केला की २८ लाख मेगावॉट येतात. देशातली औष्णिक, जल, अणू, सौर, पवन अशी सगळी वीजकेंद्रं एकदम पूर्ण क्षमतेनं चालवली तरी बेरीज पाच लाख मेगावॉटच्या घरात. दोन तालुक्यांवरचं ऊन तिच्या साडेपाच पट! यातलं काही परत फेकलं जातं, काही जमिनीत मुरतं, काही पाण्याची वाफ करण्यात खर्च होतं. कोरड्या रानात हवा तापवण्याच्या कामी चौरस मीटरला ३०० वॉट आले असं धरलं, तरी ८ लाख ४० हजार मेगावॉटची शेगडी झाली. तिला विजेचं बिल नाही आणि भारनियमनही नाही.

एवढी शेगडी असून दुपार लगेच का पेटत नाही? कारण वरचं भांडं तसंच आहे. उन्हाळ्यात दख्खनच्या पठारावर जमिनीपासून तीन किलोमीटरपर्यंतची हवा दुपारी ढवळून निघते. या थराचं वजन चौरस मीटरमागे तीन टन. दोन तालुक्यांवर मिळून ८४० कोटी टन. सगळ्या थराचं तापमान एका अंशानं वाढवायला ती शेगडी पावणेतीन तास चालावी लागते. सुदैवानं सकाळी सगळं भांडं तापवायचं नसतं, तळाचा पापुद्रा तेवढा. रात्री जमीन थंड पडते, तिला लागून गार हवेची एक चादर साचते आणि तिच्यावर गरम हवा झाकणासारखी बसते. हे झाकण उडेपर्यंत थर्मल उठत नाहीत.

या चादरीबद्दल पुण्यातच एक चमत्कारिक शोध लागलेला आहे. १९३२ साली एल. ए. रामदास आणि आत्मनाथन यांनी दाखवलं, की निरभ्र, निवांत रात्री सगळ्यात गार हवा जमिनीला चिकटलेली नसते, ती जमिनीपासून वीतभर-हातभर वर असते. जगाला आधी हे पटलं नाही. आज त्याला ‘रामदास थर’ म्हणतात. १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलेल्या हवामान कार्यालयाचं तेव्हाचं हे काम. शिवाजीनगरला बसचा थांबा आणि चौक आजही ‘सिमला ऑफिस’ याच नावानं ओळखला जातो. पुण्यात नवीन आलेला माणूस तिथं सिमल्याची सहल बुक करायला जातो की काय, अशी शंका मला अनेकदा आली आहे.

झाकण किती वाजता उडेल, हा ग्लायडरवाल्याचा सकाळचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर पूर्वी एकाच कागदावर मिळायचं. फुगा सोडायचा, त्याला टांगलेलं यंत्र उंचीगणिक तापमान आणि दमटपणा कळवतं, ते आकडे तिरप्या रेघांच्या तक्त्यावर मांडायचे. हवामान खात्यातली जुनी मंडळी या तक्त्याला टी-फाय ग्राम म्हणतात. नेपियर शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाची ती शंभर वर्षांपूर्वीची करामत. वर चढणारी कोरडी हवा किलोमीटरला ९.८ अंशांनी थंड होते. जमिनीवरचं तापमान किती झालं म्हणजे तिची रेघ झाकणाला छेद देऊन पार जाते, ते पट्टी लावून काढायचं. पण फुगे पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला सोडतात, तेही मोजक्या ठिकाणांहून. मुंबईचा फुगा समुद्राची हवा सांगतो. दौंडची हवा सह्याद्रीच्या पलीकडची. मधल्या भिंतीचं काय करायचं ते तक्त्यात नव्हतं.

आता ते काम संगणकाचं. जॉन ग्लेन्डेनिंग या अमेरिकी हवामानतज्ज्ञाला ग्लायडरवाले ‘डॉक्टर जॅक’ म्हणतात. त्यानं या शतकाच्या सुरुवातीला नुसत्या ग्लायडरसाठी अंदाज देणारी ‘रॅस्प’ ही प्रणाली बांधली. पुढं जर्मनीचं टॉपमिटिओ आलं, ऑस्ट्रेलियातल्या मॅथ्यू स्कटर या ग्लायडरपटूचं स्कायसाइट आलं. नकाशावर बोट ठेवलं की तिथं थर्मल किती वाजता सुरू होतील, किती उंच जातील आणि किती जोराचे असतील ते दिसतं. या जोराच्या आकड्यामागं एक सूत्र आहे, १९७० मध्ये जेम्स डिअरडॉर्फनं मांडलेलं. जमीन हवेला किती उष्णता देते आणि ढवळणारा थर किती जाड आहे, या दोहोंचा गुणाकार करायचा, त्याचं घनमूळ काढायचं, की हवेचा चढता वेग हाती येतो.

घनमूळ हा शब्द नजरेआड करू नका, सगळी गोम तिथं आहे. वेग दुप्पट हवा असेल तर उष्णता आणि जाडीचा गुणाकार आठपट लागतो. न्हावऱ्याकडच्या कोरड्या रानाचे आकडे घाला, ३०० वॉट आणि तीन किलोमीटरचा थर: वेग येतो सेकंदाला तीन मीटर. आता पारगावच्या उसाचे घाला. पाटाच्या पाण्यावरचा ऊस बहुतेक ऊन वाफ करण्यात संपवतो. हवेला १०० वॉट मिळाले आणि थर दीड किलोमीटरचा राहिला, तर वेग १.६५ मीटर. कागदावर फरक निम्म्याचा वाटतो. पण गोल फिरताना ग्लायडर स्वतः सेकंदाला ९० सेंटिमीटर खाली येत असतो. ते वजा करा. कोरड्या रानात दोन मीटरची चढण उरते, उसावर पाऊण मीटरची. धरणं, कालवे आणि साखर कारखाने यांनी तालुक्याचं अर्थकारण बदललं हे सगळे सांगतात. आभाळाचं अर्थकारणही त्यांनीच बदललं आहे.

हा पाऊण आणि दोन मधला फरक प्रवासात किती महागात पडतो ते बघायला हडपसर–दौंड–शिरूर–हडपसर असा त्रिकोण काढू. हवाई अंतरं साधारण ६८, ४७ आणि ५८ किलोमीटर, एकूण १७३. (हे उड्डाण कागदावरच. पुण्याच्या आकाशाची वाहतूक लोहगावचा हवाई दलाचा तळ सांभाळतो, तिथं थर्मलच्या आधी परवानगी मिळवावी लागते.) किलोमीटरला २८ या दरानं १७३ किलोमीटर कापायला ६,१८० मीटर उंची खर्चावी लागेल. ती टप्प्याटप्प्यानं कमवायची आणि पुढं जाताना उडवायची, पगार आणि महिनाअखेर यांच्यासारखं. ताशी ९० किलोमीटरच्या वेगानं नुसतं पुढं जाण्यात पावणेदोन-दोन तास गेले. चढायला कोरड्या रानात बावन्न मिनिटं. सगळं मिळून पावणेतीन तास. पाऊण मीटरच्या दरानं तीच उंची चढायला दोन तास सतरा मिनिटं, एकूण सव्वाचार. दुपारी एकला निघालेला पहिला पावणेचारला चहाला परत येईल. दुसरा सव्वापाचला, म्हणजे ऊन कलून थर्मल झोपल्यावर, आणि बहुधा परतीच्या वाटेवरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या रानात.

ढगांचं गणित त्यामानानं सोपं, कुणालाही घरी करता येण्यासारखं. हवेचं तापमान आणि दवबिंदू यांतल्या दर अंशाच्या फरकामागं ढगाचा तळ सव्वाशे मीटर उंच. ऑक्टोबरमध्ये ३१ आणि १९ असतील, तर बारा गुणिले सव्वाशे, ढग दीड किलोमीटरवर. एप्रिलमध्ये ३९ आणि ११ असले तर साडेतीन किलोमीटर. तेवढी वर हवा पोचतच नाही, म्हणून आभाळ कोरं राहतं. थर्मल असतात, पण त्यांच्या डोक्यावर पांढरी पगडी नसते. हवामान खात्याच्या ‘मौसमग्राम’वर गावाचं नाव टाकून तापमान आणि दमटपणा पाहिला की पुढचं गणित बोटांवर होतं.

त्या पांढऱ्या पगडीचंही वजन काढू. किलोमीटर लांब, रुंद आणि उंच असा कापूस पिंजल्यासारखा ढग घ्या. घनमीटरमागं त्यात अर्धा ग्रॅम पाणी. एकूण ५०० टन, म्हणजे दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. शिरूरच्या ज्या गावांनी उन्हाळ्यात टँकरच्या खेपा मोजल्या आहेत, त्यांच्या डोक्यावरून असे ताफे पावसाआधी आणि पावसानंतर रोज जातात. एक थेंब न सांडता. एवढ्या पाण्याची वाफ निवून थेंब झाली तेव्हा जी उष्णता बाहेर पडली, ती साडेतीन लाख युनिट विजेइतकी. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या साडेतीन हजार घरांचं महिन्याचं बिल एका ढगात.

आता हिशेब करणाऱ्या यंत्राकडे येऊ. पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, आयआयटीएम. तिथं सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्का’ हा महासंगणक सुरू झाला. क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप. पेटा म्हणजे एकावर पंधरा शून्यं. एका माणसानं न थांबता सेकंदाला एक गणित केलं, तर अर्काचं एका सेकंदाचं काम उरकायला त्याला ३७ कोटी वर्षं लागतील. ताडून बघायचं तर, शिरूरच्या माळाखालचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहत होता. बरं, एकट्यावर कशाला ओझं? २०११च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या साडेसात लाखांवर होती. सगळ्यांना बसवू. तान्ह्या पोरापासून सगळ्यांनी जेवणखाण, झोप सोडून सेकंदाला एकेक गणित केलं, तरी ४९० वर्षं. आज उत्तर हवं असेल तर शिवरायांच्या जन्माच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी पाटी-पेन्सिल घेऊन बसायला हवं होतं. लुईस रिचर्डसन या इंग्रज गणितज्ञानं १९२२ साली असंच एक स्वप्न पाहिलं होतं: एका प्रचंड गोल सभागृहात ६४,००० माणसं बसून पृथ्वीचं हवामान हातानं मोजताहेत. आमच्या दोन तालुक्यांत ती सभागृहं बारा निघतात.

या ताकदीवर मे २०२५ मध्ये आयआयटीएमची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ देशाच्या कामाला लागली. तिच्यात पृथ्वीचं आभाळ सहा-सहा किलोमीटरच्या चौकोनी खोक्यांत कापलेलं आहे. आधी ही खोकी बारा किलोमीटरची होती. ५१ कोटी चौरस किलोमीटरच्या पृथ्वीवर अशा जवळपास एक कोटी बेचाळीस लाख चौकटी बसतात. प्रत्येकीवर शंभर थर धरले, तर खोकी १४२ कोटी. दर भारतीयाच्या वाट्याला एक खोकं! प्रत्येक खोक्यातला वारा, तापमान, बाष्प, दाब सतत मोजत पुढं सरकायचं. शिरूर-दौंडच्या वाट्याला जमिनीलगत ७८ चौकटी येतात.

अठ्ठ्याहत्तर म्हणजे चैन आहे. ग्रामपंचायतीच्या पातळीवर पावसाचा अंदाज द्यायला त्या उपयोगी पडतात, उद्या सकाळी फवारणी करायची का हे त्यावरून ठरवता येतं. पण पारगावचं एक खोकं मनाशी धरून बघा. छत्तीस चौरस किलोमीटरमध्ये भीमेचं पात्र आहे, ऊस आहे, गाव आहे, डांबरी रस्ता आहे आणि एका कोपऱ्यात कोरडं रान आहे. यंत्राला त्यातलं काही वेगळं दिसत नाही, त्याला सगळ्यांची सरासरी दिसते. ३०० मीटरचा थर्मल त्या चौकटीच्या चारशेव्या भागात मावतो. शिवाय तो दहा-वीस मिनिटांत संपतो आणि शेजारी दुसरा उठतो. यंत्र सांगतं ते एवढंच, की या खोक्यात दुपारी दोनला असं असं उठण्याची ऐपत आहे.

मग खोकी लहान का करत नाहीत? थर्मल खरोखर दिसायला ती निदान शंभर मीटरची हवीत. सहा किलोमीटरचे शंभर मीटर करायचे म्हणजे लांबीत साठ पट, रुंदीत साठ पट. एवढ्यावर भागत नाही. खोकं लहान झालं की वारा ते चटकन ओलांडतो, म्हणून काळाचे टप्पेही साठ पट बारीक करावे लागतात. साठ गुणिले साठ गुणिले साठ, दोन लाख सोळा हजार. थरांची जाडी अजून धरलेलीच नाही. जे काम आज महासंगणक एका तासात संपवतो असं समजू, त्याला साडेचोवीस वर्षं लागतील. उद्या दुपारचा शिरूरचा थर्मल तेव्हा कळेल.

जगातले विक्रम या अडचणीला वळसा घालून झालेत. जर्मनीच्या क्लाउस ओल्मननं २००३ मध्ये अर्जेंटिनात ३,००९ किलोमीटर ग्लायडर उडवला, श्रीनगर ते कन्याकुमारी हवाई अंतराहून जास्त. तिथंच २०१८ मध्ये ‘पर्लान २’ हा ग्लायडर २२,६५७ मीटरवर पोचला, प्रवासी विमानांच्या दुप्पट उंचीवर. दोघांनीही थर्मलच्या भरवशावर हे केलेलं नाही. अँडीज पर्वतावरून वारा उडी मारतो तेव्हा पलीकडे हवेच्या शेकडो किलोमीटर लांबीच्या लाटा उठतात, त्यांवर ते स्वार झाले. एवढी मोठी लाट कुठल्याही खोक्याला दिसते. आमच्या कोरड्या रानातला थर्मल लहान आहे, हीच त्याची पंचाईत.

म्हणून दुपारी दोनला ग्लायडरमधला माणूस मोबाइल बाजूला ठेवतो आणि घारी शोधतो. घार पाऊण किलोची. अंदाज तिला सहा किलोमीटरचा लागत नाही, पंखाखालच्या हातभर हवेचा पुरतो. डाव्या पंखाखाली उचल लागली की डावीकडे वळायचं. एका घारीला सापडलं की दुसरी येते. त्या दोघी गोल फिरताहेत म्हणजे सेकंदाचे १४० टन नेमके कुठं आहेत, त्याची खूण आभाळात काढून ठेवलेली असते, मीटरच्या हिशेबानं अचूक आणि पुढच्या दहा मिनिटांपुरती खरी.

न्हावऱ्याच्या रस्त्यावर मी गाडीच्या सावलीत उभा राहून बघत होतो तेव्हा घारी दोनाच्या तीन झाल्या आणि पाचेक मिनिटांत मुरमाच्या ठिपक्यांएवढ्या दिसायला लागल्या. पिशवी त्याआधीच दिसेनाशी झाली होती. तीन मीटरच्या वेगानं वर गेली असेल तर पंधरा-वीस मिनिटांत तीन किलोमीटरवर. तिथून सेकंदाला मीटरभर खाली येत राहिली असेल तर उतरायला पन्नास मिनिटं. दुपारचा पश्चिमेचा वारा ताशी पंधरा किलोमीटरचा धरला, तर नुसत्या उतारातच साडेबारा किलोमीटर पूर्वेला. म्हणजे दोन खोकी ओलांडून, भीमेच्या काठच्या कुणाच्या तरी उसात.